एक पेंढा, गिऱ्हाईकं चार

एप्रिल संपत आला की कर्जत लोकलच्या खिडकीतून वांगणी आणि शेलूच्या मधल्या शेतांत काळे चौकोन दिसायला लागतात. ते राब. भाताच्या रोपांचं आवण टाकण्याआधी भाजून घेतलेले जमिनीचे तुकडे. दर वर्षी ते थोडे कमी होतात, कारण दर वर्षी एखाद्या चौकोनाच्या जागी वन बीएचकेची पाटी उभी राहते. पण उरलेले अजून तसेच भाजले जातात. शेलूच्या एका शेताच्या बांधावर बसून मी ते काम सकाळभर पाहिलं आहे. आधी शेणाचा थर, त्यावर ऐनाचे टहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यावर मुठीमुठीनं उधळलेली बारीक माती. माती कशाला, तर ज्वाळा उठू नये आणि आच आतच राहावी म्हणून. पेटवायचं तेही वाऱ्याच्या तोंडाकडून नाही, पलीकडच्या टोकाकडून. मग आग वाऱ्याच्या विरुद्ध रांगत रांगत येते आणि तासन्‌तास जमीन तापवते. शेताचे मालक सत्तरीचे होते. हे न करता भागणार नाही का, असं विचारल्यावर ते म्हणाले, “राब भाजला नाय तं आवणात नुसतं गवातच ओढत बसावं लागतं.”

झाडपाल्याचं, पेंढ्याचं, तुसाचं काय करायचं, या प्रश्नावर आज जगभर संशोधन चाललं आहे. त्यापासून इंधन करा, प्लॅस्टिक करा, फळ्या करा, कोळसा करून जमिनीत पुरा. त्या संशोधनाचा आढावा घ्यायला मी शेलूचा हा राब निवडला, याला कारण आहे. हा प्रश्न या तालुक्यात नवा नाही. इथे तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आणि इथल्या जुन्या उत्तरांकडे पाहिलं की नव्या उत्तरांतलं खरं-खोटं लवकर कळतं.

इंग्रज सरकारनं १८७८च्या कायद्यानं जंगलं राखीव केली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा एक मोठा झगडा या टहाळांवरूनच झाला. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. भातजमिनीला जोडून वरकस जमीन असायची, तिच्यावरचा पाला राबासाठी. तो पुरला नाही की माणसं जंगलात शिरायची. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. वनखात्याच्या लेखी राब म्हणजे झाडांची नासाडी होती, शेतकऱ्याच्या लेखी तो खताचा हक्क होता. एकाच फांदीला दोन गिऱ्हाईकं, एवढाच तो मामला.

मग या भांडणात शास्त्र आलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा अभ्यास केला. तो १९१२ साली सरकारी शेतकी खात्याच्या ग्रंथमालेत छापून आला. खालच्या मातीला नुसती राख मिळते म्हणून रोपं जोमदार होतात, ही समजूत त्यांनी तपासून पाहिली. त्यांचा रोख असा, की राखेइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व माती तापण्याला आहे. तापल्यानं मातीतली अन्नद्रव्यं विरघळती होतात. तणाचं बी मरतं, ते वेगळंच. म्हणजे बांधावरच्या म्हाताऱ्याचं म्हणणं आणि मॅनसाहेबांचं म्हणणं फार लांब नाही. मला या अभ्यासाचं मोल वाटतं ते यासाठी, की त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून सुरुवात केली नाही. तो करतो त्यात काय काम करतं, हे आधी शोधलं. पुढच्या शंभर वर्षांत ही सवय संशोधकांनी कायम पाळली, असं म्हणवत नाही.

राबाचा तोटाही उघड आहे. दहा गुंठ्यांचं आवण भाजायला त्याच्या कितीतरी पट जागेवरचा पाला आणि वर्षाचं शेणखत जळून जातं. नत्र धुरात जातो, झाडं खुंटतात. कर्जतचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र, म्हणजे ज्यानं ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ असे वाण दिले आणि जे आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली आहे, आणि एकूण विद्यापीठही, राब न भाजता गादीवाफ्यावर रोप करा, असं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. ते पुष्कळांनी ऐकलं, पण सगळ्यांनी नाही. तण काढायला माणूस मिळत नाही तिथे काडेपेटी स्वस्त पडते.

इथे एका द्रव्याची ओळख करून द्यायला हवी, कारण या सगळ्या गोष्टीत ते पुन्हा पुन्हा आडवं येतं. ते म्हणजे सिलिका. वाळूतलंच द्रव्य. भाताचं रोप ते मुळांवाटे पाण्याबरोबर ओढून घेतं आणि पानात, खोडात, तुसात साठवतं. भाताचं पान उलट्या बाजूनं बोटावरून ओढलं की बोट चिरतं, ते याच्यामुळे. शेतात सिलिका म्हणजे रोपाचं कवच. खोड ताठ राहतं, करपा कमी लागतो, खोडकिड्याला कुरतडणं जड जातं. गोठ्यात मात्र तीच सिलिका गाईच्या पोटाला पचत नाही, बॉयलरमध्ये तीच राखेचे खडे होऊन नळ्यांना चिकटते, आणि कारखान्यात तीच रबराच्या आणि सिमेंटच्या धंद्याला हवीहवीशी होते. म्हणून पेंढा चांगला की वाईट, हे पेंढ्याकडे पाहून ठरत नाही. तो कोणाच्या दारात उभा आहे, त्यावर ठरतं.

हे ज्यांना फार नेमकं कळलं, ते डॉ. एन. के. सावंत. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात त्यांनी युरियाच्या खोल दाबायच्या गोळ्यांवर काम केलं. १९९७ साली स्नायडर आणि डॅटनॉफ यांच्याबरोबर भातातल्या सिलिकॉनच्या व्यवस्थापनावर त्यांनी लिहिलेला लेख या विषयात आजही जगभर आधाराला घेतात. पण आपल्याकडे ते ओळखले जातात चारसूत्री भातशेतीमुळे. पहिलं सूत्र भाताचं भाताला परत द्यायचं. आवणाच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळायची आणि मुख्य शेतात हेक्टरी दोन टन पेंढा पहिल्या नांगरटीला गाडायचा. दुसरं सूत्र गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याचं, हेक्टरी तीन टन, चिखलणीच्या आठवडाभर आधी. तिसरं, दोरी धरून १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटूनपालटून अंतरावर लावणी. चौथं, चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी हातानं सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची.

यात कुठेही कारखाना नाही. बांधावर गिरिपुष्पाच्या काठ्या रोवायच्या, त्या एका पावसाळ्यात फुटतात. पाला झडला की काठी चुलीला. पान नत्र देतं, पेंढा पालाश आणि सिलिका देतो, तूस सिलिका देतं. वनस्पतीच्या अवशेषांचं रूपांतर म्हणून जे काही जगात चाललं आहे, त्यात शेतकऱ्याला थेट दाण्यात फायदा देणारं याच्याइतकं नेटकं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण हिशेब मांडू. हेक्टरभर लावणीला साधारण दहा गुंठे आवण लागतं. गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. अर्ध्या किलोनं धरलं तरी दहा गुंठ्यांना पाचशे किलो राख, आणि एका किलोनं धरलं तर टनभर. आता कोकणातल्या त्या हेक्टरात तीन टन भात झालं असं समजा. भाताच्या वजनाचा पाचवा हिस्सा तूस, म्हणजे सहाशे किलो. ते जपून काळं जाळलं तर राख दीडशे, फार तर दोनशे किलो. म्हणजे शेतकऱ्यानं आपलं सगळं तूस घरी आणलं तरी सूत्राला लागते त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी राख हातात येते. आणि तूस घरी येतं तरी कुठे? भात गिरणीत जातं, तांदूळ आणि कोंडा परत येतो, तूस गिरणीच्या मागे पडतं. तिथून ते वीटभट्टीवाला उचलतो. नेरळ-वांगणी पट्ट्यात भट्ट्या थोड्या नाहीत. तूस मातीत कालवतात, भट्टीत जळणालाही टाकतात. शेलूच्या भातावरचं कवच शेलूच्याच इमारतींच्या भिंतींत जातं, असं म्हटलं तर ते अलंकारिक वाटेल, पण व्यवहार असाच आहे.

चारसूत्री प्रयोगशेतात उठून दिसते आणि गावात अर्धीमुर्धी उरते, त्याचं एक कारण मला इथे दिसतं. गिरिपुष्प उरतं, दोरी उरते, गोळ्या मिळाल्या तर गोळ्या उरतात. राख गळते. संशोधकानं मात्रा ठरवली, पण वस्तू कुठून यायची हे ठरवलं नाही.

शेलूच्या पुढचं स्टेशन नेरळ. तिथे सगुणाबागेत शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी वेगळ्याच टोकानं प्रश्न धरला. त्यांनी पेंढ्याचा विचार केला नाही, मुळांचा केला. त्यांच्या सगुणा राइस टेक्निकमध्ये, म्हणजे सगळे ज्याला एसआरटी म्हणतात त्यात, गादीवाफे एकदाच करायचे. मग वर्षानुवर्षं नांगरट नाही, चिखलणी नाही, आवण नाही, लावणी नाही. लोखंडी साच्यानं २५ सेंटिमीटरवर भोकं पाडायची आणि दाणे टोकायचे. कापणी झाली की धसकटं आणि मुळं जिथल्या तिथे कुजू द्यायची. मूळ कुजलं की त्याच्या जागी बारीक नळी राहते, तिच्यातून हवा-पाणी खाली जातं, गांडुळं येतात. त्याच वाफ्यावर मागून वाल किंवा हरभरा.

वाहतूक शून्य, यंत्र शून्य. झाडाचा जो भाग कोणालाच विकता येत नाही, तोच मातीला दिला. आवणच नाही म्हणजे राबही नाही. सव्वाशे वर्षांच्या भांडणाचा एक तुकडा असा सहज निकालात निघाला. यातली दुखरी बाजू तणनाशकाची. नांगर नाही म्हटलं की तण मारायला औषध आलं, आणि या पद्धतीत ग्लायफोसेटवर बराच भार आहे. २०२२च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. कागदावरची ही बंदी बांधावर कितपत पोचली, तो भाग वेगळा. पण तणनाशकाशिवाय एसआरटी कशी चालवायची, यावर कर्जतसारख्या केंद्रानं जोर लावायला हवा. पेंढ्याचं आच्छादन हा त्यातला साधा उपाय. फक्त मग गुरांनी काय खायचं, हा प्रश्न दारात येतो.

गुरांचंच बोलू, कारण पेंढ्याचं पहिलं गिऱ्हाईक तेच. मळणी झाली की अंगणात उडवी रचली जाते आणि पावसाळ्यापर्यंत ती पुरवावी लागते. उरलेला भारा तबेल्याच्या व्यापाऱ्याला, मुंबई जवळ असल्याचा तो फायदा. बुटके वाण आल्यापासून पेंढा आखूड झाला, ही गाऱ्हाणी जुन्या माणसांकडून ऐकायला मिळतात आणि ती खरी आहेत. वाण निवडताना दाणाच तेवढा मोजला गेला. पेंढा पचनीय करण्याचा उपाय शास्त्राकडे आहे. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरियाचं पाणी शिंपडायचं, घट्ट झाकून तीन आठवडे ठेवायचं. उरुळीकांचनच्या बायफसारख्या संस्थांनी हे काम १९८०-९०च्या दशकांत मनापासून केलं. शास्त्र चोख होतं, तरी प्रसार झाला नाही. ज्या पेंढ्याला तो फुकटचा समजतो, त्याच्यावर पैसे, पाणी आणि मजुरी घालायला शेतकरी राजी नव्हता. धिंगरी अळिंबीचं गणित त्यापेक्षा बरं जमतं. ओल्या पेंढ्यावर अळिंबी वाढते, लिग्निन सैल करते, उरलेला चोथा खताला जातो. फक्त ती त्याच दिवशी बाजारात पोचली पाहिजे. शेलूला लोकल आहे, एवढी जमेची बाजू.

लिग्निनचा उल्लेख आलाच आहे, तर आता मोठ्या कारखान्यांकडे वळू. पेंढ्यात साखर असते, पण ती सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत अडकलेली आणि त्या साखळ्या लिग्निन नावाच्या चिकट द्रव्यात चिणलेल्या. ते फोडायचं, विकरांनी साखर सुटी करायची आणि यीस्टनं तिची दारू, म्हणजे इथेनॉल करायचं. यातलं महत्त्वाचं संशोधन आपल्या दोन शहरांतही झालं. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत २००८ साली जैवऊर्जेचं केंद्र निघालं. तिथली पद्धत २०१६ साली उत्तराखंडात काशीपूरला चालवून दाखवली गेली. पुण्याच्या प्राज कंपनीनं २०१७ साली दौंडजवळ आपला प्रात्यक्षिक कारखाना सुरू केला आणि तिचंच तंत्रज्ञान पानिपतच्या इंडियन ऑइलच्या कारखान्यात लागलं. त्याचं उद्‌घाटन १० ऑगस्ट २०२२ रोजी झालं. त्याची क्षमता वर्षाला दोन लाख टन पेंढ्याची, त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉलची.

पानिपतला हे शहाणपणाचं आहे. तिथे कापणी यंत्रानं होते, गहू पेरायची घाई असते आणि पेंढा शेतातच पेटवतात. रायगडात बसवून पाहू. आपल्याकडे हेक्टरी साडेतीन-चार टन पेंढा धरला तर त्या एका कारखान्याला पन्नास हजारांहून जास्त हेक्टर लागतील. जिल्ह्याचं भाताचं क्षेत्रच लाखभर हेक्टरांच्या घरात. म्हणजे निम्म्याहून अधिक जिल्ह्याच्या उडव्या उचलायच्या, तेही वीस-वीस गुंठ्यांच्या खाचरांतून, जिथे बैलगाडी जायला बांध फोडावा लागतो. पेंढा हलका, गाडी भरते पण वजन भरत नाही. आणि उडव्या गेल्यावर गुरं? त्यामुळे कोकणातल्या पेंढ्याचं इथेनॉल ही कल्पना मला मुळातच चुकीची वाटते. तंत्रात खोट नाही, जागा चुकीची आहे.

तूस-काडीपासून करायच्या हिरव्या वस्तूंचं तसं नाही. त्यांना माल कमी लागतो आणि भाव जास्त मिळतो. तुसाच्या राखेत पंच्याऐंशी-नव्वद टक्के सिलिका. बेतानं जाळलं तर ती स्फटिक न होता सक्रिय राहते आणि सिमेंटच्या जोडीला वापरता येते. जास्त तापवलं तर पांढरी, मेलेली राख मिळते, जिचा ना शेताला उपयोग ना काँक्रीटला. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं, १९२४पासूनची ही संस्था, विदर्भातल्या पऱ्हाटीच्या फळ्या करून दाखवल्या. पऱ्हाटी गुरं खात नाहीत, म्हणून तिथे भांडण कमी. जेजुरीला २०२४ साली प्राजनं पॉलिलॅक्टिक आम्लाच्या, म्हणजे कुजणाऱ्या प्लॅस्टिकच्या, निर्मितीचं प्रात्यक्षिक केंद्र उघडलं. ही सारी कामं पाहावीत आणि कौतुक करावं. पण सध्या असलं प्लॅस्टिक जगात बहुतेक साखरेपासून आणि पिष्टापासूनच होतं, काडीपासून नाही, हे सांगायचं पुष्कळदा राहून जातं.

कोळशाचा रस्ता मधला आहे. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं पुण्यात उसाच्या पाचटाचा कोळसा करायची ने-आण करता येणारी भट्टी बसवली आणि २००२ साली त्या कामाला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. तत्त्व साधं: माल भट्टीकडे नेण्यापेक्षा भट्टी मालाकडे न्यायची. पाचटाच्या जागी तूस घातलं की सावंतांची काळी राख आणि आजच्या भाषेतला बायोचार यांत फारसं अंतर राहत नाही. हवा कोंडून जाळलेला कोळसा मातीत दीर्घ काळ टिकतो आणि कोकणातल्या आंबट जमिनीचा आंबटपणा थोडा उतरवतो. उलट ताजा पेंढा पाण्याखाली गाडला तर मिथेन सुटतो; तो गाडायचा असेल तर पाऊस यायच्या पुरेसा आधी किंवा कुजवून. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भातखाचरांतल्या मिथेन खाणाऱ्या जिवाणूंवर चांगलं काम झालं आहे. ते जिवाणू खाचरात कामाला लावता आले तर बरंच, पण तोवर पेंढा कधी गाडायचा ही वेळ पाळणं शेतकऱ्याच्या हातात आहे.

भट्टी म्हटलं की या तालुक्यात कातकरी आठवतात. पावसाळा सरला की कुटुंबंच्या कुटुंबं कोळशाच्या भट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर जातात, पोरांची शाळा सुटते. आग कशी कोंडायची, धूर कोणत्या रंगाचा झाला की तोंड बंद करायचं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. बायोचारवरच्या लेखांत तापमानाचे तक्ते असतात, हे ज्ञान नसतं. तुसाचा कोळसा गावात करायचा झाला तर पहिली मजुरी यांना मिळाली पाहिजे आणि पहिला सल्ला यांचा घेतला पाहिजे, तेही गावातच, त्यांना स्थलांतर करायला न लावता.

या सगळ्या संशोधनाची एक खोड मला खटकते. त्याची सुरुवात बहुधा ‘टाकाऊ’ या शब्दानं होते. शेलूत मला टाकाऊ असं फारसं काही सापडलं नाही. पेंढा गुरांचा, तूस वीटभट्टीचं, टहाळ राबाचे, गोवरी चुलीची. मडक्यात शेंगांची पोपटी लावायला पाला लागतो तोही कोणीतरी आधीच राखून ठेवलेला असतो. खरं टाकाऊ दिसलं ते नव्या सोसायट्यांच्या मागे. झाडलेला पाला आणि ओला कचरा तिथे रोज संध्याकाळी पेटवला जातो. वर माती नाही, खाली आवण नाही, नुसता धूर.

मुळं जागेवर राहू द्यावीत, पेंढा आधी गुरांना आणि मातीला द्यावा, आणि तुसाची राख गिरणीतून शेताकडे परत आणावी, हे माझं मत. पैकी शेवटचं लगेच करता येईल. कर्जत-नेरळच्या गिरणीमालकांनी आणि सहकारी सोसायट्यांनी या हंगामातलं थोडं तूस वीटभट्टीला देण्याआधी बाजूला काढावं, काळं जाळून पोत्यांत भरावं आणि मे महिन्यात आवणासाठी विकावं. एका गुंठ्याला पन्नास किलो पुरते. नव्या इमारतींच्या सोसायट्यांनीही आपला पाला पेटवू नये. पलीकडच्या शेतकऱ्याला विचारावं. राबासाठी का होईना, तो न्यायला येईल.